मराठी कळणारं तरस

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, आणि ज्या बीनाला सांगायला हवं होतं तिला तर ती समोर उभी असतानाही सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. कदाचित तुम्ही मराठी वाचता म्हणून. हिंदीत ही गोष्ट मी एकदा सांगून बसले आहे, आणि ती खोटी सांगितली आहे.

लोक मला तरसांची बाई म्हणतात. शाळांमध्ये बोलावतात, वनरक्षकांच्या प्रशिक्षणाला बोलावतात, शाल आणि नारळ देतात. ओळख करून देणारा हमखास म्हणतो, की मॅडमनी सुरुवात फरीदाबादजवळच्या एका छोट्याशा केंद्रातून केली, अनाथ तरसाचं पिल्लू वाढवून जंगलात सोडलं. टाळ्या पडतात. मी त्या वेळी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत असते. त्या झाकणाने मला आजवर फार सांभाळून घेतलं आहे.

त्या सुरुवातीचंच सांगायचंय. आधी थोडं इकडचं तिकडचं होईल, राग मानू नका. सरळ मुद्द्यावर यायची हिंमत असती तर हे लिहायची वेळच आली नसती.

माझा जन्म दिल्लीचा. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, राहायला सरकारी क्वार्टर. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी. आई म्हणायची, हिचं मराठी म्हणजे पाणी घातलेली आमटी. बाबा निवृत्त झाल्यावर दोघं पुण्याला गेले आणि मी मागे राहिले. ते दिवसच वेगळे होते. माझ्या वर्गातल्या मुली बँकांत, नव्या परदेशी कंपन्यांत लागत होत्या. गुडगावच्या शेतांत प्लॉट पडत होते, बाभळींच्या खोडांवर प्रॉपर्टी डीलरच्या पाट्या ठोकलेल्या असायच्या. आणि मी झूऑलॉजीत एम.एस्सी. करून पंख मोडलेल्या घारींना मटणाचे तुकडे भरवत होते. बाबा फोनवर विचारायचे, "बेटा, यात पुढे काय?" 'बेटा' ही त्यांची दिल्लीची कमाई.

पुढे काय, ते मला नीट माहीत होतं. आमचं केंद्र एका व्यापाऱ्याच्या फार्महाऊसच्या मागच्या अंगाला होतं, अरवलीच्या टेकड्यांना लागून. ते चालवायचे सर, वनखात्यातून निवृत्त झालेले, तुटक बोलणारे. त्यांच्या शब्दावर मांसाहारी प्राण्यांच्या एका मोठ्या अभ्यासात एक जागा मिळणार होती. एकच जागा. आणि उमेदवार आम्ही दोघी, मी आणि बीना.

बीना मल्याळी. वडील फरीदाबादच्या एका कारखान्यात फोरमन, ती तिथेच लहानाची मोठी झालेली, हिंदी अगदी तिथल्यासारखी बोलायची. उंच, हसरी, कामाला वाघ. माझ्यापेक्षा बरी होती. हे आज लिहिताना सोपं जातंय, तेव्हा मात्र मला ते मनातल्या मनातसुद्धा म्हणवत नव्हतं.

तरसाचं पिल्लू आलं ते एका पोत्यातून. त्याची आई हायवेवर ट्रकखाली गेली होती आणि पिल्लू बंद पडलेल्या दगडखाणीत सापडलं. बीनाने ते पटकन ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं. सगळ्यांच्या देखत. सर ओरडले, "बच्चा नहीं है तुम्हारा! रखो नीचे!" ती लाजली, पिल्लू खाली ठेवलं. मग मला विचारलं, मराठीत याला काय म्हणतात? मी म्हटलं, तरस. ती हसत सुटली. "तरस? मतलब दया? लकड़बग्घे को दया बोलते हो तुम लोग?" मीही हसले. चांगल्या मैत्रिणी होतो आम्ही — हे लिहायचं राहू नये म्हणून लिहितेय.

आमच्या कामात एक नियम सगळ्यांत वरचा. ज्याला जंगलात परत सोडायचं, त्याला माणसाची सवय लावायची नाही. नाव ठेवायचं नाही, बोलायचं नाही, तोंड झाकून जायचं, खाणं फटीतून सरकवायचं आणि निघायचं. माणसाळणं — मराठीत केवढा मायेचा शब्द आहे ना? पण माणसाळलेलं जनावर आपणहून माणसाजवळ जातं, आणि जवळ आलेल्या रानटी जनावराला माणूस काय करतो ते सांगायला नको.

त्या ओढणीच्या प्रसंगानंतर बीनाने हा नियम इतका पाळला, की आम्ही तिची चेष्टा करायचो. पिल्लाच्या आवाराकडे जाताना ती बांगड्या काढून ठेवायची. शिंक आली तर नाक दाबून लांब पळायची. त्या पिल्लाने बीनाचा आवाज पुन्हा कधी ऐकला नाही.

माझा ऐकला.

कशी सुरुवात झाली? दुपारी सगळे जेवायला बसायचे तेव्हा आवाराची पाळी बहुधा माझी असायची. आईबाबा गेल्यापासून दिवसच्या दिवस माझ्या तोंडून मराठीचा शब्द निघत नव्हता. फरीदाबादची माझी घरमालकीण पंजाबी, केंद्रात सगळं हिंदी, आणि एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केला तर पुढचा माणूस काचेवर टकटक करायचा. एका दुपारी मी फटीतून मांस सरकवलं आणि तोंडातून गेलं, "ये गं, ये. जेवायला ये." आई मला खेळताना हाक मारायची, अगदी त्याच सुरात. पिल्लू कोपऱ्यातून उठलं आणि आलं. लांब कान, मोठं डोकं, अंगावर पट्टे, बोजड चाल. दिसायला कुरूपच म्हणतील लोक. ते माझ्यासमोर येऊन बसलं आणि माझ्याकडे बघत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बोलले. मग रोज. मी तिचं नाव चिंगी ठेवलं. तोंडावरचं फडकं काढून बसायचे. काय काय सांगायचे तिला! बाबांची कुरकुर, सरांचा स्वभाव, बीना माझ्या पुढे जाईल ही धास्तीसुद्धा. जाळीतून बोटं घातली तर ती चाटायची. पावलांचा आवाज आला की मी फडकं वर ओढायचे आणि सरळ उभी राहायचे, अगदी नियमाप्रमाणे.

मला नियम कळत नव्हता का? पुरेपूर कळत होता. पण मी एक शक्कल काढली होती — आणि तिचा मला अभिमान वाटत होता, हे जास्त लाजिरवाणं आहे. मी स्वतःला सांगितलं, या टेकड्यांच्या आसपास लोक बोलतात हिंदी, हरियाणवी, गुज्जरांची बोली. त्या आवाजांची सवय तिला लागता कामा नये, बरोबर. मराठी इथे कोण बोलतंय? मराठी ऐकून कोणाचं काय बिघडणार?

आणि हे म्हणणारी मी कोण? दर गणपतीला आमच्या मंडळात छावणीतले मराठी जवान ढोल-लेझीम घेऊन यायचे, आई त्यांना मोदक वाढायची, त्यांच्या बायका आमच्या घरी हळदीकुंकवाला यायच्या. दिल्लीच्या चारी बाजूंना फौजी वस्त्यांतून मराठी बोललं जातं, हे कोणाला माहीत नसलं तरी मला माहीत होतं. पण सोयीचं नव्हतं, म्हणून आठवलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात तिला सोडायचं ठरलं. आधी परीक्षा. अनोळखी माणसं आवाराजवळ जातात, बोलतात, टाळ्या वाजवतात. जनावर घाबरून लपलं तर पास. सरांनी गावातली चार माणसं आणली. "ओ आ जा, आ जा," करत ती जवळ गेली. चिंगीने पाठीवरची आयाळ ताठ उभी केली, गुरगुरली आणि बिळात शिरली. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच. सर खूश झाले. "बढ़िया. एकदम जंगली." मी लांब उभी होते, तोंड घट्ट मिटून. एक शब्द, एकच शब्द मी मराठीत बोलले असते तर परीक्षेचा निकाल तिथेच लागला असता. बीना आनंदाने रडत होती. ती म्हणाली, "हमने कर दिखाया, यार!" मी म्हटलं, बिल्कुल.

चिंगीला सोडलं. टेकड्यांच्या पलीकडच्या उतारावर लष्कराचा एक डेपो होता, त्याच्या मागे जवानांच्या कुटुंबांची क्वार्टर्स, आणि त्यांच्यामागे कचरा. तरस कचऱ्यावर जाणारच, त्यात नवल नाही. भित्रं तरस रात्री येतं, हाडूक उचलतं आणि पळतं, कोणाला पत्ताही लागत नाही.

काही आठवड्यांनी निरोप आला, की डेपोच्या मागे एक लकडबग्घा मारलाय. पिसाळलेला होता म्हणतात. सर, मी आणि ड्रायव्हर जीपने गेलो. बीना त्या दिवशी रजेवर होती.

ती भिंतीशी पडली होती. कोणीतरी वर पोतं टाकलं होतं. सरांनी पोतं उचललं, आम्ही सोडताना कानात लावलेली खूण पाहिली आणि परत टाकलं. मी रडले नाही. रडले असते तर सरांनी विचारलं असतं, एवढं का?

जिच्या दारात हे घडलं ती एका जवानाची बायको. सुनंदा तिचं नाव, साताऱ्याकडची, नुकतीच गावाहून आलेली. हिंदी तिला जेमतेम यायची. सर तिला काही विचारत होते आणि ती पदर तोंडाला लावून मान हलवत होती. नवरा ड्युटीवर. मग माझ्या तोंडून "थांबा, मी विचारते" असं निघालं आणि तिचा चेहरा असा उजळला, की काय सांगू.

"अगं बया, ताई, तुमी मराठी? देवानंच धाडलं तुमास्नी."

सर मला म्हणाले, "पूछो, जानवर पास आया कैसे? किसी ने बुलाया था क्या?"

मी विचारलं. सुनंदाने सांगितलं. ते शब्द मी इतक्या वेळा मनात म्हटलेत, की आता ते तिचे राहिलेत की माझे झालेत कळत नाही.

"दिस मावळत हुता. प्वार भाईर खेळत हुतं. मी आपली हाक मारली, ये रं, ये, जेवायला ये. तर हे जनावरच आलं म्होरं! आलं आन् बसलं की माज्याम्होरं, कुत्र्यावानी. मी वरडले. मग गडीमाणसं आली काठ्या घिऊन. ताई, त्ये पळालंच न्हाई. बगत हुतं नुस्तं." ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "हसू नगा, पण त्याला मराठी कळत हुतं."

सर माझ्या तोंडाकडे पाहत होते. "क्या बोल रही है?"

त्या अंगणात दोन्ही भाषा कळणारी मी एकटी होते. हे तुमच्या लक्षात येतंय ना? पुरावा माझ्या कानात पोचला होता आणि पुढे जायला त्याला माझ्याशिवाय वाट नव्हती. मराठी हाकेला येणारं तरस, म्हटल्याबरोबर सरांना कळलं असतं. केंद्रात मराठी बोलणारी दुसरी होतीच कोण?

मी म्हणाले, "नहीं सर, किसी ने नहीं बुलाया. खाने की बू पे आया था. बस, औरतों से डरा नहीं."

एक वाक्य गाळलं आणि एक घातलं. गाळलेल्याचं म्हणाल तर ती भीती होती, भेकडपणा होता. पण घातलेलं? 'औरतों से डरा नहीं' हे सुनंदा म्हणाली नव्हती, सरांनी विचारलं नव्हतं. ते माझ्याजवळ तयार कसं होतं? त्या पिल्लाची उठबस करणाऱ्या बायका आम्ही दोघीच. आणि दोघींपैकी एकीने त्याला सगळ्यांसमोर छातीशी धरलेलं. हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या, सुनंदाचा हात हातात असताना, जुळवलं होतं. मला वाटतं, जुळवलं होतं. नाही — वाटतं कसलं, जुळवलंच होतं.

निघताना सुनंदाने चहा घ्यायला लावला. विचारलं, "ताई, कुनाचं पाळल्यालं हुतं का ते?" मी म्हटलं, नाही हो, रानातलंच. ती म्हणाली, "मी वरडले नसते तर जगलं असतं." मी म्हटलं, तुमची काही चूक नाही. त्या दिवसभरात मी खरं बोललेलं तेवढं एक वाक्य.

जीपमध्ये सर रस्त्याकडे बघत म्हणाले, "किसी ने हाथ पे पाला है उसे. तुम दोनों में से कौन?"

मी बीनाचं नाव घेऊन आरोप केला असता, तर कदाचित सरांनी उलट प्रश्न विचारले असते. मी तसं काही केलं नाही. मी अगदी हळू, जणू तिला सांभाळून घेतेय अशा आवाजात म्हणाले, "सर, बीना का दिल बहुत नरम है."

सरांनी मान हलवली. झालं.

दुसऱ्या दिवशी ते तिला काय म्हणाले ते मी ऐकलं नाही, मी घारींच्या पिंजऱ्यामागे जाऊन उभी राहिले होते. ती बाहेर आली ती माझ्याकडेच. मला वाटलं, आता भांडेल, म्हणेल, मी नाही तर तूच. तिने तसं म्हटलं असतं तर मी कबूल झाले असते का? — मला माझी खात्री नाही. पण ती तसं म्हणालीच नाही. ती म्हणाली, "वो पहला दिन. मैंने गोद में लिया था ना? उसी से हुआ. मैंने ही मारा उसे, यार." तिने सरांचं म्हणणं मान्य करून टाकलं होतं. पहिल्या दिवशी क्षणभर धरलं, एवढ्याने दीड वर्षांनी तरस माणसाळत नाही, हे तिला शास्त्र म्हणून ठाऊक होतं. तरीही. आणि मी? मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

ती जागा मला मिळाली. बीना परत आली नाही. नोएडात एका कंपनीत लागली असं कळलं. मी पुढे डॉक्टरेट केली, तरसांवर लिहिलं, माझं नाव झालं. प्रशिक्षणात मी दर वेळी एक उदाहरण देते, नाव न घेता. आमच्या एका सहकारी मुलीला पिल्लाचा लळा लागला आणि ते पिल्लू जिवाला मुकलं. नवीन मुलं मान हलवतात, काही जणांचे डोळे भरतात. फार परिणामकारक उदाहरण आहे, असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे.

आणि दोन वर्षांपूर्वी नोएडाच्या एका मॉलमध्ये ती भेटली. मागून हाक मारली तिने, मी ओळखलंच नव्हतं. केस पिकलेले, हसणं तेच. सोबत दहाएक वर्षांची मुलगी. शेजारच्या दुकानाच्या काचेत कुत्र्याची पिल्लं ठेवली होती आणि मुलगी आईचा हात ओढत होती, मम्मा, प्लीज, एक. बीना नाही म्हणाली, लगेच. मग माझ्याकडे वळून, थोडं हसून, "मुझसे जानवर नहीं रखे जाते. तू तो जानती है."

मी म्हटलं, अच्छा.

तिने माझं लिहिलेलं वाचलं होतं. कौतुक केलं. मुलीला सांगितलं, ही आंटी खूप मोठी सायंटिस्ट आहे, आम्ही एकत्र काम करायचो. मग आवाज उतरवून म्हणाली, "उस दिन सबने मुझे सुनाया. एक तू थी जिसने कुछ नहीं कहा. मैं भूली नहीं हूँ."

मुलगी काचेला नाक लावून उभी होती. आजूबाजूला कोणी नव्हतं, मला घाई नव्हती, जागा द्यायला किंवा काढून घ्यायला सर आता जिवंतही नव्हते. सांगायला काहीही आड येत नव्हतं.

मी म्हणाले, "छोड़ ना यार, पुरानी बात है."

तिने मला मिठी मारली, आणि मी मारू दिली.